रेशमाचे खरे वजन

ओझरहून पूर्वेकडे सुमारे सत्तर किलोमीटर गेले की येवले लागते. पैठणीचे हे गाव नाशिक जिल्ह्यातले असले तरी तेथील मागावर चढणारा माल जिल्ह्यातला नाही. रेशमाचे सूत येते मुख्यतः बंगळूरहून आणि जर येते सुरतेहून. बंगळूरच्या बाजारात कर्नाटकातले रेशीम असते, तसेच चीनमधून समुद्रमार्गे आलेलेही असते. म्हणजे विणकराच्या हातात पडण्यापूर्वी हा धागा शेकडो, कधी हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेला असतो आणि वाटेत चार-पाच वेळा विकला गेलेला असतो.

प्रत्येक वेळी तो विकला जातो वजनावर. येथेच एक साधी पण मोठी अडचण उभी राहते. रेशमाचे वजन एकसारखे राहत नाही. श्रावणातल्या झडीत जी लड जड भरते, तीच वैशाखात हलकी भरते. तराजू अचूक आहे, वजने शिक्क्याची आहेत, कोणी फसवतही नाही, तरीही दोन दिवसांची दोन वजने जुळत नाहीत. मग रेशमाचे खरे वजन कोणते? या प्रश्नाचे सर्वांना मान्य होईल असे उत्तर सापडले, म्हणून रेशमाचा आंतरराष्ट्रीय व्यापार विश्वासाने चालू शकला. ते उत्तर कसे सापडले, ते या लेखात पाहू.

कोष ते सूत

तुतीचा पाला खाणारी रेशमाची अळी सुमारे पंचवीस ते अठ्ठावीस दिवसांत पूर्ण वाढते आणि स्वतःभोवती कोष विणते. तिच्या तोंडाजवळच्या छिद्रातून दोन अतिसूक्ष्म तंतू एकाच वेळी बाहेर पडतात. तंतू ज्या प्रथिनाचे बनलेले असतात त्याला फायब्रॉइन म्हणतात. दोन्ही तंतू सेरिसिन नावाच्या डिंकासारख्या दुसऱ्या प्रथिनाने एकमेकांना चिकटलेले असतात. कोषातील हा जोडतंतू अखंड असतो आणि त्याची लांबी सहाशेपासून पंधराशे मीटरपर्यंत भरते. निसर्गात इतका लांब व अखंड तंतू दुसरा मिळणे कठीण. कापसाच्या तंतूची लांबी दोन-तीन सेंटिमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे रेशमाचे वेगळेपण कळेल.

कोष गरम पाण्यात टाकले की सेरिसिन मऊ होते आणि तंतूचे टोक सापडते. सात-आठ कोषांचे तंतू एकत्र ओढले की एक सूत तयार होते. यालाच कच्चे रेशीम म्हणतात. एक किलोग्रॅम कच्च्या रेशमासाठी चांगल्या जातीचे सुमारे सात किलोग्रॅम ताजे कोष लागतात. उरलेले वजन आतील किड्याचे, म्हणजे बरेचसे पाण्याचेच असते. या गोष्टीकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत.

सोन्याबरोबर तोललेला माल

रेशमाचा व्यापार महाराष्ट्राला नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेली, 'पेरिप्लस' या नावाने ओळखली जाणारी एक पुस्तिका उपलब्ध आहे. त्या काळची बंदरे आणि तेथील माल यांची ती माहिती देते. तिच्यात आपल्या पैठणचा उल्लेख आहे. पैठण हे बारिगाझापासून, म्हणजे भडोचपासून, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे तो व्यापारी सांगतो. पैठणहून अकीकाचे खडे आणि तेर या गावाहून कापड गाड्यांमधून भडोचला जात असे. त्याच भडोच बंदरात चीनचे रेशीम, रेशमी सूत व रेशमी कापड बॅक्ट्रियामार्गे खुष्कीने येऊन पोहोचत होते, असेही तो नमूद करतो. म्हणजे पैठणचा माल आणि चीनचे रेशीम एकाच बंदरातून रोमन जगाकडे रवाना होत होते.

रोममध्ये या मालाची किंमत काय होती? प्लिनी हा रोमन लेखक तक्रार करतो, की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून रोमच्या साम्राज्यातून दरवर्षी दहा कोटी सेस्टर्स, म्हणजे तेवढी रोमन नाणी, काढून नेतात. तिसऱ्या शतकातील ऑरेलियन या सम्राटाच्या काळी एक पौंड रेशमाला एक पौंड सोने पडे, असे नंतरच्या एका रोमन चरित्रग्रंथात म्हटले आहे. ही तुलना शब्दशः धरली नाही, तरी तिचा मथितार्थ स्पष्ट आहे. ज्या मालाचा भाव सोन्याच्या तोडीचा, त्यात मुरलेले पाणीही सोन्याच्याच भावाने विकले जाणार!

पाणी पिणारा धागा

रेशमात पाणी मुरते कसे? फायब्रॉइन हे प्रथिन आहे. प्रथिनांच्या लांबलचक रेणूंवर ऑक्सिजन व नायट्रोजन यांचे अणू ठरावीक अंतराने असतात. हवेतील बाष्पाच्या रेणूंना या जागा आकर्षून घेतात आणि हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात. रेशमाच्या तंतूचा काही भाग स्फटिकासारखा नीटस रचलेला असतो. तेथे रेणू इतके दाटीने बसलेले असतात, की पाण्याला शिरकाव मिळत नाही. या भागामुळे तंतूला बळकटी येते. उरलेल्या भागात रेणू अस्ताव्यस्त पडलेले असतात. पाणी मुरते ते या भागात.

किती पाणी मुरेल हे हवेच्या सापेक्ष आर्द्रतेवर अवलंबून असते. सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर १०० ग्रॅम पूर्ण कोरडे रेशीम सुमारे ५ ग्रॅम पाणी धरते. आर्द्रता ६५ टक्के झाली की हा आकडा १० ते ११ ग्रॅमवर जातो. आर्द्रता ९० टक्के असेल, तर तो १७-१८ ग्रॅमपर्यंत चढतो. विशेष म्हणजे वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी घेतले, तरी रेशीम हाताला ओले लागत नाही. त्यामुळे नुसते चाचपून ओलावा ओळखू म्हटले तर फसगत ठरलेली.

येवल्यासारख्या कोरड्या मुलुखात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आर्द्रता फार कमी असते, तर मुंबई बंदरात जुलै महिन्यात हवा बाष्पाने भरलेली असते. एकच गाठ या दोन ठिकाणी तोलली, तर वजनात दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडू शकतो. बहुतेक व्यापाऱ्यांचा नफा तरी याहून मोठा कोठे असतो!

ल्योंचे उत्तर

हा तंटा युरोपात फार जुना होता. फ्रान्समधील ल्यों शहर रेशमी कापडाचे माहेरघर. तेथील विणकर इटलीतून व पूर्वेकडून सूत विकत घेत आणि वजनावरून भांडणे होत. अखेर १८०५ साली नेपोलियनच्या काळात तेथे एक सार्वजनिक रेशीम परीक्षागृह स्थापन झाले. सुरुवातीची पद्धत साधी होती. सूत ठरावीक उबेच्या खोलीत एक दिवस टांगून ठेवायचे आणि मग तोलायचे. पण यात एक गोम होती. ओले रेशीम वाळत वाळत जेथे येऊन थांबते आणि कोरडे रेशीम ओलावा घेत घेत जेथे येऊन थांबते, ती दोन वजने एक नसतात. ओल्या बाजूने आलेले सूत थोडे जडच राहते. शिवाय खोलीची हवा रोज सारखी कोठून ठेवणार?

यावर तोडगा निघाला तो भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज पटेल असा. जी राशी बदलते तिच्या मागे लागू नका, जी बदलत नाही ती मोजा. रेशमातले पाणी कमीजास्त होते, पण कोरड्या रेशमाचे वस्तुमान बदलत नाही. म्हणून नमुना गरम हवेच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा, त्याचे वस्तुमान काढायचे आणि त्यात ठरलेले पाणी हिशेबाने मिळवायचे. लेऑं तालाबो याने तयार केलेली अशी भट्टी ल्यों येथे १८४१ साली मान्य झाली. ठरलेले पाणी किती धरायचे, यावर १८७५ साली तुरीन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत एकमत झाले: कोरड्या रेशमाच्या ११ टक्के. आजही हाच आकडा चालतो. म्हणून,

व्यापारी वजन = कोरडे वजन × १.११

येथे विद्यार्थ्यांनी एक बारकावा ध्यानात ठेवावा. ११ टक्के हे कोरड्या वजनाचे आहेत, एकूण वजनाचे नव्हेत.

एक उदाहरण सोडवून पाहू. रेशमाची गाठ साधारणतः ६० किलोग्रॅमची असते. समजा, अशी एक गाठ भर पावसाळ्यात बंदरात उतरली. तिच्यातून ५०० ग्रॅमचा नमुना काढून सुमारे १४० अंश सेल्सियस तापमानाच्या भट्टीत वाळवला. त्याचे वजन ४३० ग्रॅम भरले. म्हणजे मालात कोरडे रेशीम ४३० ÷ ५०० = ०.८६ पट. पूर्ण गाठीत कोरडे रेशीम ६० × ०.८६ = ५१.६ किलोग्रॅम. व्यापारी वजन ५१.६ × १.११ = ५७.२८ किलोग्रॅम. खरेदीदाराने पैसे द्यायचे ते ५७.२८ किलोग्रॅमचे, साठचे नव्हे. हिशेबापुरता भाव किलोला चार हजार रुपये धरला, तर या एका गाठीत सुमारे १०,९०० रुपयांचे पाणी होते!

आता दुसरी ६० किलोग्रॅमची गाठ घ्या. ही कडक उन्हाळ्यात तोलली आणि तिचा ५०० ग्रॅमचा नमुना वाळून ४७५ ग्रॅम भरला. कोरडे रेशीम ५७ किलोग्रॅम आणि व्यापारी वजन ६३.२७ किलोग्रॅम. या वेळी नुसत्या तराजूवर विश्वास ठेवला असता तर विकणारा सव्वातीन किलोग्रॅमला बुडाला असता. म्हणजे हे सूत्र ना गिऱ्हाइकाचे ना दुकानदाराचे. ते दोघांनाही न्याय देते.

सूत किती बारीक?

वजन ठरले, तरी वजनात लांबी किती हा प्रश्न राहतोच. बारीक सूत असेल तर एका किलोग्रॅमात कापड जास्त निघेल. सुताची जाडी फूटपट्टीने मोजता येत नाही. सूत दाबले की चपटे होते, आणि त्याचा छेद वर्तुळाकारही नसतो. येथेही व्यापाराने तराजूचाच आधार घेतला. ९,००० मीटर सुताचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनिअर. कोषातील एकेरी जोडतंतू दोन ते तीन डेनिअरचा असतो. बाजारात खूप चालणारे सूत '२०/२२ डेनिअर' म्हणून ओळखले जाते. म्हणजे ९,००० मीटरला सरासरी २१ ग्रॅम.

यावरून एक किलोग्रॅम सुताची लांबी काढा. ९,००० × १,००० ÷ २१ म्हणजे सुमारे ४,२८,५०० मीटर, अर्थात ४२८ किलोमीटर! ओझरहून मुंबईला जाऊन परत येण्याचे अंतर पार करूनही सूत उरेल. साठ किलोग्रॅमच्या दोन गाठी सोडवल्या, तर पृथ्वीला विषुववृत्तावर पूर्ण वेढा घालून सूत शिल्लक राहील. रेशमाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.३५ ग्रॅम धरून याच सुताचा व्यास काढला, तर तो मिलिमीटरचा सुमारे पाच शतांश येतो. हा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा.

इतक्या बारीक सुताला भार तरी किती पेलेल? चांगले रेशीम दर डेनिअरला सुमारे ४ ग्रॅम भार घेते. म्हणजे २१ डेनिअरचे सूत सुमारे ८० ग्रॅम पेलते. आता अशी कल्पना करा, की हे सूत खूप उंचावरून खाली सोडले आहे आणि ते स्वतःच्याच वजनाने तुटावयाचे आहे. त्याला किती लांब व्हावे लागेल? ९,००० मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम, त्याच्या चौपट ग्रॅम ते पेलते. म्हणून उत्तर ३६ किलोमीटर. एव्हरेस्टची उंची यात चार वेळा बसते. साध्या पोलादाची तार मात्र पाचेक किलोमीटरलाच तुटेल. शिवाय रेशीम तुटण्यापूर्वी सुमारे वीस टक्के ताणले जाते आणि धक्क्याची ऊर्जा शोषून घेते.

हवाई छत्री आणि हरवलेला बाजार

हलकेपणा, बळ आणि ताण सोसण्याची शक्ती हे तिन्ही गुण एकत्र आल्यामुळे पहिल्या हवाई छत्र्या रेशमाच्या झाल्या. ओझरच्या विद्यार्थ्यांना विमाने नवी नाहीत. येथील हिंदुस्थान एरॉनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली स्थापन झाला आणि तेथे मिग व पुढे सुखोई विमाने तयार झाली. धावपट्टीवर उतरल्यावर लढाऊ विमानाच्या शेपटीमागे वेग कमी करणारी छत्री उघडते, ती आज नायलॉनची असते. रेशमाची जागा नायलॉनने कशी घेतली, हीदेखील व्यापाराचीच कथा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी जपानने रेशमाच्या निर्यातीत चीनला मागे टाकले. त्यामागे मोजमापाचा मोठा हात होता. योकोहामा बंदरात १८९६ साली सरकारी रेशीम परीक्षागृह सुरू झाले. प्रत्येक गाठीबरोबर वजनाचा व दर्जाचा दाखला जाऊ लागला. हजारो मैलांवर अमेरिकेत बसलेल्या गिरणीवाल्याला माल न पाहता सौदा करता येऊ लागला. तेथील बहुतेक रेशीम पायमोजांसाठी खपे.

या काळातच प्रत ठरवण्याची रीतही पक्की झाली. सूत काळ्या फलकावर समान अंतराने गुंडाळतात आणि अंधाऱ्या खोलीत ठरावीक प्रकाशात ते प्रमाण छायाचित्रांशी ताडून पाहतात. सूत कोठे जाड, कोठे बारीक आहे, गाठी व कुसळे किती आहेत, हे काळ्या पार्श्वभूमीवर चटकन दिसते. त्याशिवाय बळ, ताण आणि डेनिअरमधील चढउतार मोजतात. या साऱ्यांवरून सुताला प्रत मिळते. ६ए ही सर्वोत्तम, मग ५ए, ४ए, ३ए अशी उतरती भाजणी असते.

पण केवळ मोजमाप कोणाचा बाजार कायमचा राखू शकत नाही. अमेरिकेच्या ड्यू पाँ कंपनीत वॅलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली नायलॉन तयार केले. १९४० च्या मे महिन्यात त्याचे पायमोजे अमेरिकेत सर्वत्र विक्रीस आले. पुढच्याच वर्षी, जुलै १९४१ मध्ये, अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि जपानी रेशमाची आवक थांबली. शिल्लक रेशीम लष्कराकडे गेले आणि हवाई छत्र्या नायलॉनच्या होऊ लागल्या. युद्ध संपल्यावर रेशीम परत आले, पण पायमोजांचा तो प्रचंड बाजार त्याला पुन्हा मिळाला नाही. रेशमाला आपली जागा उंची वस्त्रांत शोधावी लागली.

भारताची स्थिती

रेशीम उत्पादनात आज चीन पहिला आणि भारत दुसरा आहे. १९४९ साली स्थापन झालेले केंद्रीय रेशीम मंडळ आपल्याकडे या उद्योगाची देखरेख करते. २०२३-२४ या वर्षी भारतात सुमारे ३८,९०० टन कच्चे रेशीम तयार झाले. तुती, टसर, एरी आणि मुगा हे रेशमाचे चारही व्यापारी प्रकार आपल्या देशात होतात. टसर आपल्या गडचिरोली, भंडारा भागातही होते. तरीही रेशीम वापरण्यात भारत जगात सर्वांत पुढे असल्याने आपल्याला चीनकडून तुती रेशीम आणावे लागते.

येथे शेतकरी आणि विणकर यांचे हित एकमेकांसमोर उभे राहते. स्वस्त चिनी सूत आले तर विणकराला बरे, पण कोष पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा भाव पडतो. म्हणून सरकारने वेळोवेळी अशा आयातीवर जादा जकात बसवली. २०१६ साली बसवलेली जकात चिनी रेशमाच्या सर्व मालावर नव्हती, तर ३ए आणि त्याखालच्या प्रतीच्या मालावर होती. म्हणजे काळ्या फलकावर केलेले परीक्षण आता नुसते व्यापाऱ्यांपुरते उरले नव्हते. जकात लागू होते की नाही, हेच त्यावर ठरत होते.

कापडाचेही असेच आहे. जागतिक जकात वर्गीकरणात रेशमाचे ५० वे प्रकरण आहे. त्यात ५००७ या क्रमांकाखाली रेशमी कापड येते. त्यात वजनाने ८५ टक्के किंवा अधिक रेशीम असेल, तर पोटक्रमांक वेगळा लागतो. कापडाची घनता सांगण्यासाठी 'मोमे' हे जपानी माप चालते. एक मोमे म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम. सोळा मोमेचे कापड म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ७० ग्रॅम. पाहा, कापडापर्यंत आलो तरी तराजू काही सुटत नाही!

वजन वाढवण्याच्या युक्त्या

जेथे वजनाला भाव, तेथे वजन वाढवण्याचा मोहही असतो. रेशमाला झळाळी येण्यासाठी साबणाच्या गरम पाण्यात उकळून सेरिसिन काढून टाकतात. त्यात वजन सुमारे एक चतुर्थांश कमी होते. एकोणिसाव्या शतकात युरोपातील रंगाऱ्यांनी ही घट भरून काढण्याची, एवढेच नव्हे तर वजन मूळच्याहून वाढवण्याची युक्ती शोधली. कथिलाच्या क्षारांच्या द्रावणात रेशीम बुडवले की ते क्षार तंतूत मुरतात. कापड जड होते, त्याची पडणही छान दिसते. पण काही वर्षांत तंतू कमजोर होऊन घडीवर कापड चिरते. त्या काळचे कित्येक उंची पोशाख पुढे अशाच चिरांनी निकामी झाले.

आजची फसवणूक वेगळी आहे. रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो. लोलकासारखा तो प्रकाश परावर्तित करतो, म्हणून रेशमाला ती खास चमक येते. कृत्रिम तंतूही आता तिकोनी छेदाचे बनवता येतात. पैठणीत ताण्याला एक रंग आणि बाण्याला दुसरा रंग घेऊन जी धूपछाव साधतात, तीही पॉलिएस्टरमध्ये उतरवता येते. म्हणून नुसत्या चमकेवरून किंवा धूपछावेवरून रेशीम ओळखता येत नाही. यासाठी केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ साली शुद्ध रेशमासाठी 'सिल्क मार्क' ही खूण सुरू केली. येवल्याच्या व पैठणच्या पैठणीला भौगोलिक निर्देशांकही मिळालेला आहे. खूण मालाची शुद्धता सांगते आणि निर्देशांक त्याचे गाव सांगतो. खरेदीदाराने दोन्ही विचारावेत.

तराजू कोणाला हवा?

मोठ्या निर्यातदाराजवळ परीक्षागृहाचा दाखला असतो, वकील असतो, विमा असतो. अचूक मापाची सर्वांत जास्त गरज असते ती साखळीच्या दोन टोकांना असलेल्या लहान माणसांना.

एका टोकाला शेतकरी आहे. जालना, बीड भागात अनेक शेतकऱ्यांनी तुती लावली. ताजा कोष दीड-दोन ग्रॅमचा असतो आणि त्यात रेशमाचे कवच फक्त पाचवा हिस्सा. बाकीचा जिवंत कोशित किडा. कोष बांधल्यानंतर दहा-बारा दिवसांत पतंग कोष भेदून बाहेर पडतो आणि मग तो कोष सूत काढण्यास निरुपयोगी होतो. म्हणून शेतकऱ्याला थांबता येत नाही. पूर्वी हे कोष कर्नाटकात रामनगरच्या बाजारात न्यावे लागत. वाटेत कोष सुकून वजन घटे आणि भाव पटला नाही म्हणून माल परत आणण्याची सोय नसे. २०१८ साली जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली, तिचे महत्त्व यावरून कळेल. जवळचा बाजार म्हणजे न सुकलेला कोष आणि घासाघीस करण्यास मिळालेला वेळ.

दुसऱ्या टोकाला विणकर आहे. तो गाठी घेत नाही, थोडे थोडे सूत घेतो. एका पैठणीवर आठवडे, नक्षी भरगच्च असेल तर महिने जातात. सुतात पाणी जास्त असेल किंवा डेनिअर सारखे नसेल, तर त्याचा तोटा विणकराच्या मजुरीतून वजा होतो. ११ टक्क्यांचा नियम आणि डेनिअरचे दाखले त्याच्या सुताच्या लडीपर्यंत पोहोचणे ही म्हणूनच न्यायाची गोष्ट आहे.

करून पाहा

शाळेतील भौतिक तराजूवर हा प्रयोग सहज होतो. सुमारे दहा-दहा ग्रॅम वजनाच्या दोन लडी घ्या, एक खऱ्या रेशमाच्या सुताची आणि दुसरी पॉलिएस्टरच्या दोऱ्याची. दोन्ही कडक उन्हात तीन-चार तास ठेवा आणि लगेच तोला. नंतर एका झाकणाच्या डब्यात तळाला ओले फडके ठेवा, त्यावर जाळी ठेवून लडी रात्रभर ठेवा. लडींना पाणी लागू देऊ नका. सकाळी पुन्हा तोला. रेशमाचे वजन स्पष्टपणे वाढलेले आढळेल. पॉलिएस्टरचे वजन जवळजवळ तेवढेच राहील, कारण नेहमीच्या हवेत ते अर्धा टक्कासुद्धा पाणी घेत नाही. दर तासाला वजन घेऊन आलेख काढला तर अधिक चांगले.

रेयॉन मात्र रेशमासारखेच पाणी घेते. तेथे शिक्षकांच्या देखरेखीखाली चिमट्यात चार धागे धरून जाळून पाहावे. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की ते विझते आणि बोटांनी चुरडणारी काळी राख राहते. रेयॉन कागदासारखे जळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. कथिलाने जड केलेले रेशीम असेल, तर विणीचा आकार तसाच ठेवून राखेचा सांगाडा उरतो.

ज्या ओलाव्याने व्यापाऱ्यांना दोन हजार वर्षे हैराण केले, तोच ओलावा या प्रयोगात खऱ्या रेशमाची साक्ष देतो. शिक्षकांनी हा प्रयोग एकदा पावसाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात करून घ्यावा आणि दोन्ही वेळी वर्गातील सापेक्ष आर्द्रतेची नोंद ठेवावी. त्या नोंदवहीत विद्यार्थ्यांना स्वतःच्याच शाळेतल्या हवेचा आणि रेशमाचा हिशेब शेजारी शेजारी मांडलेला मिळेल.